चार मोकळ्या जागा

धनश्रीच्या फोनमध्ये तिच्या वडिलांचा डोळा होता. फोटो नव्हे, डोळाच म्हणा. दर दहा सेकंदांनी त्या डोळ्यात किती दाब आहे ते पडद्यावर आकड्यात उमटायचं आणि धनश्री दिवसातून चाळीस वेळा तो आकडा बघायची. कुकर लावला की बघायची, दात घासता घासता बघायची, ऑफिसात साहेब बोलायला उभे राहिले की टेबलाखाली फोन धरून बघायची. तेरा. चौदा. तेरा. चौदाच्या आत असला की तिचा जीव भांड्यात पडायचा, पण तोही पुढच्या बघण्यापुरता.

डोळा विलास गुरवांचा, डावा. उजवा सात वर्षांपूर्वीच काचबिंदूनं नेला होता. विलास गुरव पाडळवाडीच्या सिद्धोबाच्या देवळात सनई वाजवत. त्यांचे वडील वाजवत, आजोबाही वाजवत. एकवीस पायऱ्या चढून नगारखान्यात जायचं आणि दिवसातून चार वेळा देवापुढं सूर धरायचा: काकडआरती, सकाळची पूजा, धुपारती आणि शेजारती. धुपारतीची सनई थांबली की गावातल्या बायका चूल पेटवत, हे विलासराव कुणालाही अभिमानानं सांगत. वयाच्या अकराव्या वर्षी त्यांनी ती हातात घेतली होती आणि आता त्यांना बासष्टावं लागलं होतं.

"आबा, आत्ता सतरा का झाला होता?" धनश्री कोल्हापुराहून फोन करायची.

"अगं, वाकून चप्पल हुडकत हुतो."

"वाकायचं नाही म्हणून सांगितलंय ना मॅडमनी?"

"मग चपलेला सांग वर यायला. आनि काय ग, माझ्या डोळ्यावर एवढी नजर ठेवतीस, एखाद्या पोरावर ठेवली असतीस तर आज मी नातू खेळवत बसलो असतो."

असा त्यांचा रोजचा संवाद. पस्तिशीची धनश्री एकटी राहायची, पाऊस मोजण्याच्या खात्यात नोकरी करायची, आणि आई गेल्यापासून तिला या जगात आपलं म्हणावं असं माणूस एकच होतं. ते दिसेनासं होत नव्हतं. त्याला दिसेनासं होत होतं.

काचबिंदू म्हणजे काय, हे डॉ. शिरगुप्पे मॅडमनी पहिल्या भेटीत तिला कागदावर काढून दाखवलं होतं. डोळ्यात एक बारीक नळ असतो आणि एक मोरी असते. बुबुळाच्या मागं मांसाचं एक कडं असतं, ते सतत थेंब थेंब पाणी तयार करतं, हा नळ. ते पाणी बुबुळाच्या कडेच्या जाळीतून निघून जातं, ही मोरी. मोरी तुंबली की पाणी साठतं, डोळा आतून फुगतो, आणि त्या दाबाखाली मेंदूकडं जाणारी नस चिरडत जाते. बारा लाख तंतूंची नस. मेलेला तंतू परत येत नाही. थेंबांची औषधं घालून झाली, मोरी मोकळी करायची दोन ऑपरेशनं झाली, एकदा बारीकशी नळी बसवून झाली. विलासरावांचं अंग असं की प्रत्येक वेळी जखम इमानदारीनं भरून यायची आणि भरताना नवी मोरीही बुजवून टाकायची.

उरला नळ. नळाचं कडं लेसरनं थोडं भाजून काढायचं, म्हणजे पाणीच कमी. ही युक्ती जुनीच होती, पण भीती होती ती मापाची. कमी भाजलं तर दाब तसाच राहतो, जास्त भाजलं तर डोळा कोरडा पडून सुकतो, बोरासारखा आक्रसतो. म्हणून पूर्वी हा लेसर सगळं हरल्यावरच करत. आता नवीन यंत्र आलं होतं. डोळ्यात आधी दाब मोजणारा एक कण बसवायचा, मोहरीएवढा, आणि कपाळाला एक पट्टा बांधायचा. पट्टा मोहरीला वीज पुरवतो आणि तिचं म्हणणं ऐकतो. सहा आठवडे अहोरात्र मोजमाप घेऊन यंत्र ठरवतं की कड्याच्या चोवीस भागांपैकी नेमके किती भाजायचे.

"पट्टा आंघोळीला काढलात तर चालेल," मॅडम म्हणाल्या होत्या. "पण जेवढा वेळ काढाल, त्याचं कारण ॲपमध्ये भरायचं."

विलासरावांनी पट्टा मन लावून वापरला. नगारखान्यात मात्र तो काढावा लागे. सिद्धोबापुढं सनई वाजवायची ती सोवळ्यात. ओलेत्यानं वाळवलेलं धोतर सोडून अंगावर काही ठेवायचं नाही, घड्याळ नाही, चामडं नाही, शिवलेलं वस्त्र नाही. तिथं पट्टा कुठला? पायऱ्या चढण्यापूर्वी ते तो काढून कोनाड्यात ठेवत आणि अर्ध्या तासानं उतरले की परत बांधत. संध्याकाळी धनश्रीच्या फोनवर ॲप विचारी: आज चार जागा मोकळ्या आहेत, कारण निवडा. झोप, आंघोळ-पूजा, चार्जिंग, प्रवास, इतर. धनश्री चारही ठिकाणी 'आंघोळ-पूजा' निवडे. दुसरं काय निवडणार?

सहा आठवड्यांनी यंत्रानं आकडा दिला: चोवीसपैकी नऊ. भूल देऊन सात मिनिटांत काम झालं. विलासराव बाहेर येऊन म्हणाले, "एवढंच? न्हाव्याकडं यापरीस जास्त येळ लागतो." आणि खरोखरच पारा उतरला. विसाच्या खाली कधी न येणारा डोळा तेरा-चौदावर स्थिर झाला. धनश्रीनं ऑफिसात पेढे वाटले.

सहा महिन्यांनी तपासणीला गेल्यावर मॅडम पडद्याकडं बघत बसल्या. नंतर त्यांनी तपासणी दुसऱ्यांदा करायला लावली.

"नस पातळ झाली आहे," त्या म्हणाल्या. "बरीच. दाब तर कुठंच वर गेलेला नाही, मग ही मरतेय कशानं, तेच कळत नाही."

"यंत्र चुकत असेल का?" धनश्रीनं विचारलं.

"मोहरी मीच आज हातानं पडताळून बघितली. बरोबर आहे."

त्या मुक्कामी विलासराव धनश्रीच्या फ्लॅटवर राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता ते गॅलरीत सतरंजीवर बसले आणि सनई काढली. देवळात नसले तरी रियाज चुकवायचा नाही, हा त्यांचा नेम. फ्लॅटमध्ये सोवळं नव्हतं, म्हणून कपाळाचा पट्टाही काढायचं कारण नव्हतं. धनश्री आत चहा गाळत होती. भैरवाचे पहिले सूर आले, तिला बरं वाटलं, आणि तेवढ्यात लेसरनंतर कधी तोंड न उघडलेला फोन ओट्यावर किंचाळायला लागला.

बावीस. एकतीस. अडतीस. सेहेचाळीस.

ती गाळणं टाकून धावली. विलासरावांचे गाल फुगले होते, मानेवरच्या शिरा दोरासारख्या वर आल्या होत्या, आणि ते डोळे मिटून सुखानं वाजवत होते.

"आबा! थांबा!"

त्यांनी सनई खाली घेतली. "काय झालं? शेजारी वराडलं काय?"

फोनवर आकडा उतरत होता. तीस, एकवीस, पंधरा. अर्ध्या मिनिटात सगळं पूर्वीसारखं झालं. धनश्रीला जे वाटलं ते तिला खरं व्हायला नको होतं, म्हणून ती म्हणाली, "परत वाजवा बरं जरा."

परत बावीस, परत एकतीस.

गोष्ट साधी होती, इतकी साधी की कुणी सांगितली असती तर पोरालाही कळली असती. सनईच्या चिमुकल्या पत्तीतून वारा सोडायचा तर छातीत जबरदस्त जोर कोंडावा लागतो. तो जोर रक्त वर ढकलतो, डोळ्यामागच्या शिरा फुगतात आणि तुंबलेल्या डोळ्यातला दाब तिपटीनं चढतो. धडधाकट डोळा तेवढं सोसतो. विलासरावांचा डोळा रोज चार वेळा, अर्धा अर्धा तास चिरडला जात होता, आणि नेमक्या त्या चार वेळा मोहरी मुकी असायची.

धनश्री वडिलांना घरी ठेवून एकटीच दवाखान्यात गेली. मॅडमनी सहा आठवड्यांचं जुनं मोजमाप उघडलं. रोजच्या चार मोकळ्या जागा होत्या, आणि त्या मोकळ्या नव्हत्या. यंत्रानं तिथं आकडे भरले होते: एकवीस, एकवीस, बावीस, एकवीस.

"हे कुठनं आले?"

"आंघोळ-पूजा म्हणजे माणूस शांत बसलेलं असतं, असं यंत्राला शिकवलंय," मॅडम म्हणाल्या. "मग शांत बसल्यावरची सरासरी घेऊन ते जागा भरतं."

धनश्रीचं पोट ज्या नोकरीवर चालत होतं ती हीच होती. एखाद्या डोंगरावरचं पर्जन्यमापक बंद पडलं की आजूबाजूच्या गावांचे आकडे घ्यायचे आणि सरासरी काढून मधली जागा भरायची. दहा वर्षं ती हे करत होती. आणि खात्यात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ती पहिल्याच दिवशी सांगायची की बाबांनो, यंत्र बंद पडतं ते मुसळधार पावसातच, तेव्हा मोकळ्या जागेवर विश्वास ठेवू नका.

"खरा आकडा कळला असता तर नऊ नव्हे, पंधरा-सोळा भाग भाजले असते," मॅडम म्हणाल्या. "आणि मुख्य म्हणजे वाजवणं पहिल्याच दिवशी थांबवलं असतं. फॉर्मवर व्यवसाय 'देवस्थान सेवा' लिहिलाय. मला वाटलं पुजारी असतील. मी विचारायला हवं होतं, चूक माझी आहे."

चूक मॅडमची नव्हती, आणि ते धनश्रीइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. फॉर्म तिनं भरला होता. कॉलेजात पहिल्या वर्षाला असताना गॅदरिंगमध्ये कुणीतरी तिला 'पिपाणीवाल्याची पोरगी' म्हणालं होतं आणि सगळा वर्ग हसला होता. त्या दिवसापासून वडिलांचा व्यवसाय विचारला की ती 'देवस्थान सेवा' असं लिही. बँकेत लिही, रेशनकार्डावर लिही. इतकी सवय झाली होती की दवाखान्यात लिहिताना हात अडखळलासुद्धा नाही.

"मॅडम, आणि बाकीचे?" तिनं विचारलं. "पूजेच्या वेळी बाकीचे पेशंट काय करत असतील?"

"तेच मी बघतेय. अकरा हजार लोकांच्या मोजमापावर हे यंत्र शिकलंय. पूजेला पट्टा जवळजवळ सगळेच काढतात. त्यात शंख फुंकणारे असतील, डोकं खाली करून आसनं करणारे असतील, साष्टांग नमस्कार घालणारे असतील. कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही."

"मग दुरुस्त करा ना."

"कंपनीला आजच लिहिते. ते म्हणतील पुढच्या आवृत्तीत घेऊ."

"ती कधी येणार?"

"दोन-तीन वर्षांनी," मॅडम खाली बघत म्हणाल्या. मग त्यांनी विलासरावांचं सांगितलं. बारा लाखांतले लाखभर तंतू उरले होते. वाजवणं कायमचं बंद केलं आणि लेसर पुन्हा केला, तर आहे तेवढं टिकण्याची शक्यता चारात एक. नस इतकी पातळ झाली की कधी कधी दाब उतरूनही ती मरायची थांबत नाही.

"आणि वाजवत राहिले तर?"

"मग फार तर तीन-चार महिने."

घरी येऊन धनश्रीनं सगळं सांगितलं. न लपवता सांगायचं असं जिन्यातच ठरवलं होतं, म्हणून फॉर्मचंही सांगितलं. विलासराव गॅलरीत बसून ऐकत होते, मान जराशी वाकडी करून. उरलेल्या भोकाएवढ्या नजरेत माणूस पकडायचं तर त्यांना मान तशी करावी लागे.

"देवस्थान सेवा," ते म्हणाले. "वाजंत्री लिवायला काय झालं हुतं?"

"लाज वाटायची, आबा."

डोळ्याचं ऐकताना न हललेला त्यांचा चेहरा तेव्हा हलला. बराच वेळ ते सनईच्या पत्तीवरचा दोरा नखानं उकलत आणि गुंडाळत बसले.

"खरं लिवलं असतंस तर बाईनं पैल्याच दिवशी सनई सोडायला लावली असती. व्हय ना?"

"हो."

"मंजे डोळा ऱ्हायला असता."

"बहुतेक."

"मग झालं तेबी बरंच झालं म्हन की. तुझ्या लाजेपायी मला एवढं दिस वाजवायला तर मिळालं."

हे ते चांगुलपणानं बोलले, की त्यांना तिला टोचायचं होतं, हे धनश्रीला कळलं नाही. दोन्हींपैकी काहीही असतं तरी सोसण्यासारखं नव्हतं. ती तोंडाला पदर लावून रडली.

"गप. रडू नगंस," विलासराव म्हणाले. "सोडतो मी सनई. करू तुझा लेसर."

"आबा, मॅडम म्हणाल्या चारात एकच..."

"मला कळतंय. माझ्या जिवाचं म्हनशील तर मी चार म्हैने वाजवून आंधळा झालो असतो आनि गुमान बसलो असतो. पन मग तू जल्मभर सोताला खात बसशील. तुझ्यासाठनं सोडतो."

त्या वेळी धनश्री म्हणू शकली असती, नको आबा, वाजवा. ते शब्द तिच्या तोंडाशी आलेही. पण चारात एक म्हणजे शून्य नव्हे, आणि तो एक आपल्या वाट्याला येईल अशी वेडी आशा तिला सुटली नाही. शिवाय, खरं सांगायचं तर, तिला क्षमा हवी होती आणि ती समोरून चालून आली होती. तिनं मान हलवली आणि वडिलांनी दिलेलं घेतलं.

दुसऱ्या लेसरला सोळा भाग भाजले. धनश्रीनं घरून काम करायची परवानगी काढली आणि पाडळवाडीला येऊन राहिली. देवस्थान कमिटीनं नगारखान्यात भोंगा बसवला आणि विलासरावांचंच जुनं रेकॉर्डिंग लावायला सुरुवात केली. चारी वेळा ते ओट्यावर बसून स्वतःलाच ऐकत.

"ह्या जागी मी जरा उतरलोय," रोज धुपारतीला ते म्हणत. "त्या दिशी सर्दी झालेली. आता रोज देवाला सर्दीच ऐकावी लागनार."

पारा मात्र बघत राहावा असा होता. अकरा, दहा, अकरा. तिसऱ्या महिन्यात ॲपनं रंगीबेरंगी फुलं उधळली आणि खाली लिहून आलं: अभिनंदन, नव्वद दिवस दाब पूर्ण नियंत्रणात. धनश्रीनं तो निरोप वडिलांना वाचून दाखवला. ते ताटात चाचपडत होते. डावीकडची चटणी त्यांना सापडत नव्हती, आणि ती तिथं आहे हे सांगावं की नाही ते तिला सुचत नव्हतं.

चटणी गेली, मग उंबरा गेला, मग उंबऱ्यात उभी असलेली माणसं आवाजावरून ओळखायची वेळ आली. एके दिवशी ते तिला म्हणाले, "जरा जवळ ये बगू," आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून, मान इकडून तिकडून फिरवून, तुकड्या-तुकड्यानं बघितला. नाक, मग एक डोळा, मग कपाळ. "आईवानी दिसाय लागलीस," म्हणाले. धनश्रीनं त्याही वेळी फोन बघितला. दहा होता.

चैत्रात एका सकाळी ते नेहमीप्रमाणं उठून ओट्यावर येऊन बसले. ऊन अंगणभर पसरलं होतं, साडेनऊ होऊन गेले होते.

"धना," ते आत हाक मारून म्हणाले, "आज काय उजाडलंच न्हाई ग."

दवाखान्यात फार वेळ लागला नाही. मॅडमनी बॅटरी डोळ्यावर धरली, खाली घेतली, आणि विलासरावांचा हात हातात घेऊन नुसत्या बसून राहिल्या. बाहेर मिळालेल्या कागदावर यंत्रानं स्वतःच छापलं होतं: उपचाराचं उद्दिष्ट साध्य. धनश्रीनं तो फाडला नाही. फाडून काय होणार होतं? पूजेच्या मोकळ्या जागांबद्दल कंपनीचं उत्तर आलं आहे का, एवढं तिनं विचारलं. पोच आली होती, उत्तर नव्हतं.

पंधरा दिवस विलासराव उठत, बसवलं तिथं बसत, वाढलं ते जेवत. पट्टा अजून कपाळाला होता. तो काढा असं कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांना त्याची सवय झाली होती. सोळाव्या दिवशी धनश्रीनं पेटीतून सनई काढली आणि त्यांच्या हातात दिली.

"वाजवा, आबा. आता काही..."

त्यांनी सनईवरून बोटं फिरवली. पत्ती तोंडात धरून बराच वेळ ओली केली, ताठ बसले, आणि फुंकली. नुसता वारा निघाला. दुसऱ्यांदा फुंकली तेव्हा आवाज आला, पण तो मध्येच फाटला. आठ महिन्यांत ओठ सैल पडले होते, गालांतला जोर गेला होता. पन्नास वर्षं रोज कमावलेली ताकद होती. रोज कमावली तरच राहणारी. तिसऱ्यांदा त्यांनी सगळा जीव लावला, मानेच्या शिरा वर आल्या, सूर जेमतेम दोन मोजेपर्यंत टिकला आणि खाली घसरला.

ते धापा टाकत थांबले. मग त्यांनी विचारलं, "पारा किती चढला ग?"

धनश्रीनं फोन बघितला. एवढी वर्षं ती ज्या आकड्याला भीत आली, तो आज मोठा यावा असं त्या आंधळ्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. पडद्यावर अठरा होता.

"बेचाळीस," ती म्हणाली.

विलासरावांनी पत्ती काढून सदऱ्याला पुसली.

"खोटं कशाला बोलतीस? बेचाळीस असता तर सूर लागला असता. कान हायत मला अजून."

त्यांनी सनई तिला द्यायला हात पुढं केला. ती उजवीकडं बसली होती आणि हात डावीकडं गेला. धनश्री उठली, वळसा घालून त्या बाजूला गेली आणि तिनं सनई घेतली.